होहोवूफ : तात्रा पर्वताच्या पायथ्याचं लाकडी गाव (इतिहास, भूगोल, घरं, रान : मंचावरची चर्चा, प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

पाणलोट

पोलंडच्या नकाशात अगदी खाली, तात्रा पर्वताच्या उत्तर पायथ्याशी पोदहाले नावाचा मुलूख आहे. झाकोपाने हे तिथलं गजबजलेलं शहर सगळ्यांना ठाऊक असतं. तिथून वायव्येला साधारण १७-१८ किलोमीटरवर, स्लोव्हाकियाच्या हद्दीला टेकून होहोवूफ नावाचं गाव आहे. वस्ती हजार-बाराशेची, उंची समुद्रसपाटीपासून ७७० मीटरच्या आसपास. पोलिश लिपीत नावाच्या शेवटी 'व' लिहितात, पण उच्चार 'फ' होतो. नकाशावर 'चोचोलो' असं वाचून गोंधळू नका.

आधी पाणी समजून घ्या, मग गाव आपोआप समजतं. तात्रातून दोन ओढे उतरतात, शिवा वोदा आणि किरोवा वोदा. वितूफच्या वरच्या अंगाला रोस्तोकीपाशी ते एकत्र येतात आणि तिथून नदीचं नाव चार्नी दुनायेत्स होतं, म्हणजे काळी दुनायेत्स. ती वितूफ, होहोवूफ आणि चार्नी दुनायेत्स याच नावाचं मोठं गाव ओलांडून नोवी तार्गला पांढऱ्या दुनायेत्सला मिळते. पुढे विस्तुला आणि शेवटी बाल्टिक समुद्र. गावाच्या पश्चिमेला मात्र थोडं चाललं की पाणी उलट्या दिशेचं होतं. ते ओरावा नदीत जातं, तिथून वाह, मग डॅन्यूब आणि काळा समुद्र. युरोपच्या दोन समुद्रांमधली ही सीमा इथे डोंगराच्या धारेवर नाही, ती सपाट दलदलीतून जाते. उभं राहून बघितलं तर कुठल्या बाजूला उतार आहे हेही कळत नाही. त्या दलदलींत हजारो वर्षांचं शेवाळ कुजून पीट साचलं आहे. गावकरी पूर्वी ते विटांसारखं कापून, वाळवून सरपण म्हणून वापरत.

नदीचं पात्र रुंद आणि गोट्यांचं आहे. ग्रॅनाइटचे पांढुरके गोटे थेट तात्राच्या गाभ्यातून आलेले, पण ज्या जमिनीवर ते पसरलेत ती वाळूखडक आणि शेल (चिखलापासून झालेला पापुद्रेदार खडक) यांच्या आलटूनपालटून थरांची, ज्याला तिथे फ्लिश म्हणतात. फ्लिशची माती पाणी धरून ठेवते, थंड राहते, उतारावर घसरते. गहू तिथे नीट येत नाही. म्हणून शतकानुशतकं ओट, पुढे बटाटा, थोडं अळशीचं पीक आणि उरलेली सगळी मदार मेंढ्यांवर. विसाव्या शतकात या नदीतून बांधकामासाठी गोटे बेसुमार उपसले आणि काठ बांधून पात्र अरुंद केलं. परिणाम असा झाला की एकेकाळी अनेक फाट्यांनी वाहणारी नदी बऱ्याच टप्प्यांत एकाच घळीत खोल उतरली. तळ खाली गेला की काठच्या शेतांतली भूजलपातळीही खाली जाते आणि पुलांचे पाये उघडे पडतात. जिथे उपसा झाला नाही तिथे अजून जुनं, पसरट पात्र दिसतं.

रुमाली

छान सुरुवात. एक शंका. 'होहोवूफची दरी' म्हणून जी प्रसिद्ध आहे, वसंतात जांभळ्या फुलांची, ती याच गावात ना? म्हणजे गावात उतरून चालत जाता येईल?

वाटसरू

नाही, ही चूक फार जण करतात. दरी गावापासून दक्षिणेला, तात्राच्या आत आहे. गावातून वितूफच्या पुढे शिवा पोलाना नावाच्या कुरणापर्यंत गाडीने दहा-बारा किलोमीटर जावं लागतं आणि दरीचं तोंड तिथे आहे. नाव गावाचं लागलं कारण तिथली कुरणं होहोवूफच्या मेंढपाळांकडे होती. गावात राहायचं ठरवलं तर दरीसाठी अर्धा दिवस वेगळा धरा.

रस्ता सांगतो. प्रांतिक मार्ग ९५८ हाबूफ्काहून चार्नी दुनायेत्स, होहोवूफ, वितूफ, कोश्चेलिस्को करत झाकोपानेला जातो. होहोवूफमध्ये त्यातून ९५९ फुटतो आणि काही किलोमीटरवर हद्दीपलीकडच्या सुहा होराला पोहोचतो. २१ डिसेंबर २००७ पासून तिथे तपासणी नाही. झाकोपानेहून छोट्या बस धावतात, पण संध्याकाळी आणि रविवारी फेऱ्या कमी होतात. परतीची शेवटची वेळ थांब्यावरच्या पाटीवर आधी बघून ठेवा.

सायकल असेल तर आणखी सोपं. नोवी तार्ग ते सुहा होरा असा रेल्वेमार्ग १९०४ मध्ये सुरू झाला होता. रूळ गेले, भराव राहिला आणि त्यावर आता डांबरी सायकलवाट आहे. रेल्वेचा भराव असल्याने चढ अगदी सौम्य आहे. वाट गावातून जात नाही, शेजारच्या पोदचेर्वोनेवरून जाते. तिथून गावात वळायचं.

जुनेपान

इतिहासाचं मी घेतो.

गाव सोळाव्या शतकातलं. तेव्हा पोदहालेचा बराचसा भाग राजाच्या मालकीचा होता. जंगल तोडून वस्ती करायला राजा एखाद्याला सनद द्यायचा, तो गावाचा सोल्तिस, म्हणजे वंशपरंपरेचा मुखिया. त्याला जमीन, गिरणीचा हक्क वगैरे मिळे आणि बदल्यात तो कुळं आणून बसवी. शेतं पट्ट्यापट्ट्यांनी वाटत. रस्त्यापासून सुरू होऊन मागे थेट रानापर्यंत जाणारी एक लांब, अरुंद पट्टी. पुढे वारसांमध्ये पट्टी लांबीतच चिरली जाई, म्हणून काही ठिकाणी शेत इतकं चिंचोळं होतं की नांगर वळवायला शेजाऱ्याची हद्द लागावी.

या शेतकऱ्यांच्या जोडीला कार्पाथियन डोंगररांगेच्या कण्याने पश्चिमेकडे सरकत आलेले वलाख मेंढपाळ. ही हालचाल चौदाव्या शतकापासून पुढे काही शतकं चालली. आज पोदहालेच्या बोलीत मेंढपाळीचे जे खास शब्द आहेत, बात्सा (मुख्य धनगर), युहास (त्याचा मदतनीस), ब्रिंद्झा (मऊ खारवलेलं चीज), झेंतित्सा (चीज काढल्यावर उरणारं गोडसर पाणी), ते त्या लोकांबरोबर आले आणि कार्पाथियनमध्ये पार रोमानियापर्यंत त्यांचे भाऊबंद सापडतात.

रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी पोलंड आपसांत वाटून घेतला. त्यातल्या १७७२ च्या पहिल्या फाळणीत हा मुलूख ऑस्ट्रियाकडे गेला आणि गालिसिया प्रांतात मोडू लागला. राजाच्या जमिनी सरकारी झाल्या, मग विकल्या गेल्या. १८२०च्या सुमारास आसपासच्या आठ गावांनी मिळून तात्रातलं जंगल विकत घेतलं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आणि १८४६. पोलंडच्या तिन्ही तुकड्यांत एकाच वेळी उठाव करायचा बेत होता, तारीख २१-२२ फेब्रुवारीची रात्र. अटकसत्रामुळे बहुतेक ठिकाणी काही घडलंच नाही. क्राकूव पेटलं, आणि इतक्या आडबाजूला होहोवूफ. तिथल्या लोकांच्या बोलीत याला 'पोरुसेन्स्त्वो' म्हणतात, म्हणजे साधारण 'ढवळून उठणं'. पुढारी होते गावचे शिक्षक आणि चर्चचे ऑर्गनवादक यान कान्ती आन्द्रुशिकेविच, गावचे तरुण पाद्री लेओपोल्द क्मेतोविच आणि पोरोनिनचे पाद्री मिहाऊ ग्वोवात्स्की. २१ तारखेच्या संध्याकाळी गावकऱ्यांनी सीमेवरच्या जकात शिपायांची हत्यारं काढून घेतली आणि सुहा गुराचं (म्हणजे वर आलेल्या सुहा होराचं) जकात नाकं ताब्यात घेतलं. वेठबिगारी संपली असं लोकांना सांगण्यात आलं. पण पुढच्याच दिवशी शिपाई परत आले, आणि त्यांच्या बाजूने चार्नी दुनायेत्सचे शेतकरीही होते. चकमकीत आन्द्रुशिकेविच जखमी झाले आणि उठाव दोन दिवसांत मोडला. शंभरावर गावकरी धरले गेले. ग्वोवात्स्की त्याच वर्षी कैदेत वारले. क्मेतोविच आणि आन्द्रुशिकेविच १८४८ च्या माफीनंतर सुटले, आन्द्रुशिकेविच १८५० मध्ये गेले.

रुमाली

शेजारच्याच गावचे शेतकरी सरकारच्या बाजूने का लढले?

जुनेपान

हाच या सगळ्यातला खरा प्रश्न आहे. त्याच आठवड्यात, तार्नूफच्या परिसरात, याकुब शेलासारख्यांच्या नेतृत्वाखाली गालिसियातले शेतकरी जमीनदारांच्या वाड्यांवर तुटून पडले होते. त्यांच्या दृष्टीने पोलंडचा उठाव म्हणजे जमीनदारांचा उठाव. 'साहेब लोक तुम्हाला मारायला येताहेत' अशा वावड्या उठल्या होत्या आणि ऑस्ट्रियन अधिकाऱ्यांनी त्या थांबवल्या नाहीत. सामान्य कुळाला रोज वेठ घेणारा जमीनदार समोर दिसत होता, सम्राट लांब होता आणि म्हणून दयाळू वाटत होता.

होहोवूफ वेगळं का ठरलं, याची माझ्या मते तीन कारणं. एक, त्या गावात डोक्यावर बसलेला वाड्यातला जमीनदार नव्हता, वैर धरायला माणूसच नव्हता. दोन, हद्दीवरचं गाव, ओरावाशी व्यापार, त्यामुळे पैसा बरा आणि रोजचा जाच जकात शिपायाचा, म्हणजे सरळ ऑस्ट्रियन सरकारचा. तीन, शिक्षक आणि पाद्री गावातच राहणारे होते, लोकांच्या बोलीत बोलत होते. बाहेरून आलेल्या बंडवाल्यावर विश्वास बसला नसता. चार्नी दुनायेत्सला यातलं तिसरं नव्हतं, म्हणून तिथे सरकारी अफवा चालली.

उठावाचं संग्रहालय गावातच एका अठराव्या शतकाच्या अखेरच्या घरात आहे, तात्रा संग्रहालयाची शाखा म्हणून. आत काळी खोली आणि पांढरी खोली जशी होती तशी मांडलेली आहे. घरांबद्दल 'तुळई' यांनी लिहावं.

तुळई

लिहितो. लांबेल, पण हे गाव मुळात घरांसाठीच बघायचं.

आधी मांडणी. रस्ता नदीच्या बाजूने साधारण दक्षिणोत्तर जातो आणि दोन्ही बाजूंना घरं. पण घराची दर्शनी लांब बाजू रस्त्याकडे नाही. रस्त्याकडे आखूड, त्रिकोणी पाखाची बाजू असते आणि दार-खिडक्यांची लांब बाजू दक्षिणेला, म्हणजे उन्हाला. त्यामुळे प्रत्येक अंगण आपल्या घराच्या दक्षिणेला आणि पुढच्या घराच्या पाठभिंतीच्या आड. पाठभिंतीला खिडकी जवळजवळ नाहीच. उत्तरेचा वारा अडला, ऊन आत आलं, शेजाऱ्याची नजरही आली नाही. गावात फिरताना एका दिशेने चाललं तर सगळ्या दर्शनी भिंती दिसतात आणि उलट चाललं तर सगळ्या पाठी. फोटो काढायचे असतील तर दक्षिणेकडून उत्तरेकडे चाला, दुपारच्या आत.

आता भिंत. स्प्रूस किंवा फर या सूचिपर्णी झाडांचा जाड ओंडका मधोमध उभा चिरायचा. दोन अर्धे मिळतात. सपाट बाजू आत, गोलाई थोडी तासून बाहेर. हे अर्धे ओंडके एकावर एक आडवे रचून भिंत होते. कोपऱ्यावर पारव्याच्या शेपटीसारख्या तिरक्या खाचा करून दोन भिंती एकमेकींत अडकवायच्या. खाचेचा उतार असा की वरचं वजन जितकं वाढेल तितका सांधा आवळला जातो आणि पाणी बाहेर वाहतं. लोखंडी खिळा भिंतीच्या जोडणीत लागत नाही. ओंडके जितके रुंद तितक्या आडव्या फटी कमी, म्हणून रुंद लाकडाचा मोठा मान. गावातलं एक घर तर एकाच फरच्या झाडातून बांधलं असं सांगतात आणि त्याच्या भिंतीत जोत्यापासून छपरापर्यंत मोजकेच ओंडके आहेत.

दोन ओंडक्यांमधल्या फटीत पूर्वी शेवाळ ठोसत. आता लाकडाच्या पातळ तारांसारख्या काढलेल्या कातरणी पिळून दोर करतात, तो फटीत दाबून बारीक खिळ्यांनी बसवतात. तो सोनेरी पिळाचा दोर भिंतीवर आडव्या रेघांसारखा दिसतो. अनेकांना ती नक्षी वाटते, पण ती थंडीची डाट आहे.

चूक कुठे होते? ओल्या लाकडात. लाकूड आडव्या दिशेने आकसतं, लांबीत जवळजवळ नाही. भिंत म्हणजे आडव्या लाकडांची चळत, तेव्हा वाळताना पूर्ण भिंत खाली बसते, दर मीटर उंचीला काही सेंटीमीटरपर्यंत. चौकटीचे उभे खांब मात्र बसत नाहीत. म्हणून दार आणि खिडकीच्या वर मोकळी जागा ठेवून ती मऊ भरावाने बुजवायची असते. नवशिक्या सुताराने ती जागा घट्ट ठोकली की दोन वर्षांत भिंत चौकटीवर लटकते, दार अडकतं आणि बाजूच्या फटी उघड्या पडतात.

जोतं नदीच्या गोट्यांचं. तेच पूर्ण घराचं आयुष्य ठरवतं. पहिला ओंडका जमिनीपासून जितका वर तितका टिकतो. गावातून मोठा रस्ता जातो. हिवाळ्यात बर्फ वितळवायला टाकलेलं मीठ गाड्यांच्या चाकांनी उडतं आणि रस्त्याकडच्या पाखाच्या खालच्या ओंडक्यांवर बसतं. मीठ ओल ओढून धरतं, तिथूनच कुज सुरू होते. दुरुस्तीत बहुधा हाच सर्वांत खालचा ओंडका बदलावा लागतो. जॅक लावून भिंत किंचित उचलायची, कुजलेला भाग कापून नवा तुकडा तिरक्या सांध्याने बसवायचा आणि दगड-लाकडाच्या मध्ये ओल अडवणारा थर घालायचा.

छप्पर उभट, दोन्ही टोकांना पाखाचा वरचा भाग थोडा आत कललेला. वर 'गोंत', म्हणजे स्प्रूसच्या फळकुटांची कौलं. गोंत करवतीने कापलेला नसावा, झाडाच्या गाभ्याकडून सालीकडे चिरलेला असावा. चिरला की लाकडाचे उभे तंतू अखंड राहतात आणि पाणी त्यांच्या बाजूने ओघळतं. करवतीने तंतू तुटतात, पाणी तुटलेल्या तोंडांतून आत शिरतं आणि छप्पर लवकर काळवंडतं. प्रत्येक फळकुटाची एक कड पातळ, दुसऱ्या कडेला खोबण. पातळ कड शेजारच्या खोबणीत बसते, वर दुसरा थर.

केशरकाडी

भिंती धुतात म्हणे? इतकी जुनी लाकडं आणि मधासारखा रंग कसा?

तुळई

हो, धुतात. गावाची हीच ओळख. लाकडाला रंग नाही, वार्निश नाही, तेल नाही. वर्षातून एकदा, वसंतात, मोठ्या सणांच्या आधी, बाया साबणाचं पाणी आणि ताठ केसांचे ब्रश घेऊन बाहेरच्या भिंती घासतात.

कारण साधं आहे. उन्हातल्या अतिनील किरणांनी लाकडातलं लिग्निन (तंतूंना बांधून ठेवणारं द्रव्य) फुटतं, पावसाने ते धुपतं, वर उरलेल्या पांढुरक्या धाग्यांवर काळी बुरशी बसते. त्यालाच आपण 'लाकूड राखाडी झालं' म्हणतो. घासल्याने तो मेलेला, कागदाइतका पातळ थर निघतो आणि खालचं पिवळं लाकूड वर येतं. दरवर्षी केलं तर थर पातळच राहतो, हलक्या हाताने निघतो. पाच-सात वर्षं राहून गेलं की मग कितीही घासा, डाग राहतात.

हात नेहमी तंतूंच्या दिशेने, म्हणजे आडवा चालवायचा. शेवटी भरपूर स्वच्छ पाणी, कारण साबण राहिला तर धूळ धरतो. आणि दिवस कोरड्या हवेचा निवडायचा, म्हणजे ओंडके संध्याकाळपर्यंत वाळतात. दाबाने पाणी मारणारं यंत्र वापरू नये. त्याने मऊ तंतू उखडतात, भिंत केसाळ होते, आणि पाणी थेट दोरांच्या फटीत जाऊन आतून कुजवतं. तारेच्या ब्रशचंही तसंच. तार ओरखडे काढते आणि तुटलेले बारीक तुकडे लाकडात राहून गंजाचे ठिपके पडतात.

हे श्रमाचं काम आहे आणि जवळपास सगळं बायकांच्या हातचं. एवढं तरी लिहिताना म्हटलं पाहिजे.

रुमाली

काळी खोली, पांढरी खोली म्हणजे काय?

तुळई

मध्ये आडवी ओसरी, तिच्या एका बाजूला काळी खोली, दुसऱ्या बाजूला पांढरी. काळीत चूल, तिथेच स्वयंपाक, झोप, लहान मुलं, हिवाळ्यात कधी नुकती जन्मलेली कोकरंसुद्धा. जुन्या घरांत धुराडं नव्हतं. धूर ओसरीत आणि तिथून माळ्यावर जाऊन छपराच्या फटींतून बाहेर पडे. भिंती काजळायच्या, म्हणून काळी. पण तोच धूर माळ्याचे वासे किडीपासून वाचवत असे. पांढरी खोली पाहुण्यांची, सणाची, देवाच्या तसबिरींची. हुंड्याच्या पेट्या तिथे, आणि मेलेल्या माणसालाही तिथेच ठेवत.

पांढऱ्या खोलीत गेलात तर वर बघा. छताच्या आडव्या तुळयांना आधार देणारी एक जाड तुळई असते, तिला 'सोस्रेंब' म्हणतात. तिच्यावर सहा पाकळ्यांचं वर्तुळाकार फूल, क्रूस, बांधल्याचं वर्ष आणि बांधणाऱ्या धन्याचं नाव कोरलेलं असतं. घराचा जन्मदाखलाच तो. फक्त एक सांभाळा. तुळई जुन्या घरातून काढून नव्यात बसवायची पद्धत होती, म्हणून वर्ष तुळईचं असतं, भिंतीचं नसूही शकतं. बहुतेक उभी घरं एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली आहेत.

जुनेपान

एक भर. गावात एवढं लाकूड आणि मध्ये चर्च मात्र दगडी, निओ-गॉथिक. संत यात्सेक यांचं. फेलिक्स क्शेंझार्स्की या क्राकूवच्या वास्तुकाराचा आराखडा, बांधकाम १८५३ ते १८७३. उठाव मोडल्यावर सात वर्षांनी सुरुवात झाली आणि वीस वर्षं पुरली, कारण गाव हळूहळू पैसा आणि दगड जमवत होतं. उठावाच्या आदल्या वर्षापासून गालिसियात बटाट्यावर रोग पडला होता आणि १८४७ मध्ये दुष्काळ आणि टायफसने माणसं किड्यामुंग्यांसारखी मेली. तेव्हा वीस वर्षांचं नवल वाटत नाही.

केशरकाडी

आता दरीकडे वळू. पोलिश तात्रातली ही सर्वांत मोठी दरी, साधारण ३५ चौरस किलोमीटर. ती राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत आहे, पण उद्यानाच्या मालकीची नाही. 'जुनेपान' यांनी वर सांगितलेल्या आठ गावांची सामाईक मालकी आजही आहे : वितूफ, होहोवूफ, चिहे, ज्यानिश, चार्नी दुनायेत्स, कोन्यूफ्का, पोदचेर्वोने, व्रुब्लूफ्का. क्षेत्र तीन हजार हेक्टरांच्या आसपास. सरकारने १९५५ मध्ये तात्रा राष्ट्रीय उद्यान सुरू केलं तेव्हा या लोकांचा कारभार हातून गेला, तो १९८०च्या दशकात परत मिळाला. हिस्से वारसाहक्काने चालतात.

व्यवहारात याचा अर्थ असा की शिवा पोलानाला जे तिकीट फाडतात ते गावांच्या संस्थेचं. राष्ट्रीय उद्यानाचं आठवड्याचं तिकीट तिथे चालत नाही, वाद घालून उपयोग नसतो. दुसरा फरक कुत्र्यांचा. पोलिश तात्राच्या बाकी बहुतेक वाटांवर कुत्रं नेता येत नाही, इथे साखळीला बांधून डोंगरी विश्रामगृहापर्यंत नेता येतं.

फुलं म्हणजे रानटी केशराची एक जात, जांभळी. बर्फ वितळला की उमलतात, मार्चअखेर ते एप्रिल, बर्फ किती पडलं त्यावर. ही फुलं 'निसर्गतः' तिथे इतकी नाहीत, मेंढ्यांमुळे आहेत. मेंढ्या गवत आखूड ठेवतात, लेंड्यांचं खत पडतं, आणि पुढच्या वसंतात कंदाला उजेड मिळतो. १९६० च्या दशकात उद्यानातली चराई बंद झाली तेव्हा कुरणांत उंच गवत माजलं, स्प्रूसची रोपं शिरली आणि केशर विरळ झालं. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला मोजक्या कळपांना नियमाने परत सोडलं, तेव्हा कुठे कुरणं सावरली.

बघायला जाणाऱ्यांसाठी : ऊन असेल तरच फूल उघडतं. ढगाळ सकाळी सगळ्या कळ्या मिटलेल्या दिसतात आणि लोक निराश होऊन परततात. दहा-अकरा ते तीन ही वेळ. वाटेवरून खाली उतरू नका. फूल गेल्यावरही पानं काही आठवडे हिरवी राहून कंद भरत असतात. पान तुडवलं की पुढच्या वर्षीचं फूल गेलं, हे फोटोवाल्यांना सांगूनही कळत नाही.

वाटसरू

चालण्याचं गणित : शिवा पोलाना ते वरचं कुरण सात-साडेसात किलोमीटर, चढ सौम्य, दोन-सव्वादोन तास. पहिला साधारण अर्धा भाग डांबरी, पुढे खडी. विश्रामगृह ११५० मीटरच्या थोडं खाली. आधीचं १९४५ मध्ये जर्मनांनी जाळलं, आताचं १९५०च्या दशकाच्या सुरुवातीचं. २३ जून १९८३ ला पोप जॉन पॉल दुसरे आणि 'सॉलिडॅरिटी' या कामगार चळवळीचे नेते लेख वाउएन्सा यांची भेट याच दरीत झाली.

हाल्नी वाऱ्याचा अंदाज नक्की बघा. तात्रावरून उत्तरेला कोसळणारा कोरडा, उबदार वारा आहे हा. २५ डिसेंबर २०१३ च्या हाल्नीने इथल्या दऱ्यांत झाडांच्या रांगाच्या रांगा आडव्या केल्या आणि पडलेल्या, कमजोर स्प्रूसवर सालकिडा मातला. दरीत शिरताना करड्या, सुकलेल्या खोडांचे जे पट्टे दिसतात ते त्याचे. हाल्नीचा इशारा असेल त्या दिवशी रानात जाऊ नये.

दूधभाकर

मेंढ्या आल्या म्हणून चीजचं सांगते, कारण यात फसवणूक फार. पोदहालेचं 'ओस्त्सिपेक' हे मेंढीच्या दुधाचं धुरावलेलं चीज, दोन टोकांकडे निमुळतं, चातीसारखं. २००८ पासून युरोपीय संघात त्याचं नाव संरक्षित आहे. नियम असे : लांबी १७ ते २३ सेंमी, वजन ६०० ते ८०० ग्रॅम, गाईचं दूध मिसळलं तर ४० टक्क्यांपर्यंतच आणि तेही पोलिश लाल गाईचं. करायचं फक्त मे ते सप्टेंबर, मेंढ्या कुरणावर असताना.

कच्चं दूध कोमट असताना त्यात रेनेट (दूध घट्ट करणारं द्रव्य) घालतात. घट्ट झालं की लाकडी फांदीसारख्या रवीने फोडून दाणे करतात, गरम पाणी घालतात, दाणे तळाशी बसले की मूठभर गोळा काढून गरम पाण्यात वारंवार बुडवत हाताने दाबतात. दाबायचं ते पांढरं पाणी पूर्ण जाईपर्यंत. आत पाणी राहिलं तर धुरावताना चीज पोकळ होतं, फुगतं, आंबतं. मग कोरीव लाकडी कडं लावून मध्यभागी नक्षी उठवतात, मिठाच्या पाण्यात दिवसभर ठेवतात आणि झोपडीच्या छपराखाली फळीवर काही दिवस धुरी देतात. खाली चूल पेटलेलीच असते.

जानेवारीत कोणी रस्त्याकडेला 'ताजं ओस्त्सिपेक' विकत असेल तर ते गाईच्या दुधाचं आहे, कारण तेव्हा मेंढी दूध देत नाही. गाईच्या दुधाचं चीज वाईट नसतं, त्याचं नाव वेगळं आहे, गोव्का, आणि आकार सरळ नळकांड्यासारखा. खरं ओस्त्सिपेक कापलं तर पिवळसर, किंचित करकरीत आणि वासात मेंढी येते.

रुमाली

कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलिश निर्वासितांची छावणी होती ना? त्यात या डोंगरी गावांची माणसं होती का?

जुनेपान

वळिवड्याची छावणी १९४३ ते १९४८, सुमारे पाच हजार माणसं. पण ती मुख्यतः युद्धापूर्वीच्या पोलंडच्या पूर्व प्रांतांतली होती. १९४० आणि ४१ मध्ये सोव्हिएत सत्तेने त्यांना सैबेरिया आणि कझाकस्तानकडे हद्दपार केलं होतं, तिथून इराणमार्गे ती इथे पोहोचली. पोदहाले जर्मनांच्या ताब्यात होतं, तिथल्या लोकांची वाट वेगळी. पोदहालेची माणसं बाहेर गेली ती त्याआधी आणि नंतर, पोटासाठी, मुख्यतः शिकागोला. गावाकडच्या घरांना नवी छपरं आली ती बरीचशी त्या डॉलरांवर.

पाणलोट

शेवटी जमिनीखालचं एक राहिलं. होहोवूफला साडेतीन किलोमीटर खोल विंधन घेतलं आहे आणि तिथून सुमारे ८० अंशांचं पाणी येतं. तात्राच्या चुनखडकावर पडलेला पाऊस आणि बर्फाचं पाणी भेगांतून खाली जातं, चुनखडकाचे थर उत्तरेकडे कलत फ्लिशच्या खाली जातात, आणि वरचा जाड, पाणी न सोडणारा फ्लिश झाकणासारखा बसतो. खोलीवर पाणी तापतं आणि दाबाखाली राहतं. २०१६ मध्ये या पाण्यावर मोठी गरम स्नानगृहं सुरू झाली. म्हणजे ज्या थंड, चिकट मातीने गव्हाला शतकानुशतकं जागा दिली नाही, तिच्याच जाडीमुळे खालचं पाणी गरम राहिलं.

पार्किंग तिथेच असल्याने गर्दी तिकडे वळते आणि जुन्या रस्त्यावर दुपारनंतर शांतता असते. भिंती बघायच्या असतील तर ती वेळ चांगली. फक्त घरं राहती आहेत. फाटक लावलेलं असेल तर रस्त्यावरूनच बघा, आणि संग्रहालय सोडून कुठल्याही ओसरीत न विचारता शिरू नका.

तुळई

आणि भिंतीला हात लावू नका. नुकत्याच घासलेल्या लाकडावर बोटांचं तेल डाग पाडतं आणि तो डाग पुढच्या वसंतापर्यंत तसाच राहतो.